धोंडा, पहार आणि ट्रॅक्टर

समजा, तुमच्या शाळेपुढच्या मोकळ्या जागेत हिरवळ करायची ठरली. माती पसरली, हरळी लावली, पाणी दिले. सगळीकडे हिरवेगार झाले, पण एका जागी दीड-दोन हातांचा पिवळट डाग तसाच राहिला. कितीही पाणी द्या, चार दिवसांच्या उन्हात तिथले गवत पुन्हा करपते. तिथे पहार मारून पाहिली, तर वीतभर खाली जाताच ती ‘ठण्ण’ वाजते. खाली धोंडा आहे! त्याच्यावरची माती पातळ असल्यामुळे तिच्यात ओल साठत नाही, मुळांना खोल जाता येत नाही आणि दुपारी धोंडाही तापतो. गवत करपण्याचे कारण एवढेच.

आता हा धोंडा काढायचा कसा? जवळच कुणाकडे द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेत चालवायचा छोटा ट्रॅक्टर असला, तर कुणीतरी लगेच सुचवील, “साखळी बांधा आणि ओढा!” उपाय सोपा वाटतो. परंतु त्यात एक फसगत आहे आणि एक धोकाही आहे. धोका असा, की त्यात चालकाचा जीव जाऊ शकतो. ही फसगत आणि हा धोका नीट समजायला नववी-दहावीचे पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

धोंड्याचे वजन किती?

पहिले काम म्हणजे धोंडा केवढा आहे ते पाहणे. एक पातळ सळई हातोडीने ठोकत धोंड्याच्या कडा शोधाव्यात आणि तिथे चुन्याच्या खुणा कराव्यात. (त्याआधी त्या जागेखालून पाण्याचा नळ किंवा विजेची तार गेलेली नाही ना, याची चौकशी करून घ्यावी.) आपल्याकडच्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसॉल्टचे, वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या सुमारे २.९ पट असते. धोंडा गोल आणि अर्धा मीटर व्यासाचा असेल, तर त्याचे वजन भरेल सुमारे १९० किलोग्रॅम. चार दणकट माणसे तो हलवतील. व्यास एक मीटर असेल तर? दुप्पट नव्हे, आठपट! म्हणजे सुमारे १,५०० किलोग्रॅम. आणि दोन मीटरचा धोंडा १२ टनांचा. वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, ही गोष्ट वहीत आपल्याला पटते. जमिनीतून डोकावणारा टवका पाहून अंदाज बांधताना मात्र आपण हटकून चुकतो.

आपण एक मीटर व्यासाचा धोंडा धरून चालू.

दख्खनच्या पठारावर असे धोंडे बहुधा गोल असतात, ही आपल्या सोयीची गोष्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले. ते थिजताना आक्रसले, त्यांना भेगा पडल्या आणि खडकाचे ठोकळे झाले. भेगांतून पाणी झिरपू लागले. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर विदारणाचा हल्ला एकाच दिशेने होतो, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी. साहजिकच कोपरे आधी झिजतात, मग कडा, आणि शेवटी मधला टणक गाभा गोटीसारखा उरतो. त्याच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी कुजलेल्या खडकाची वेटोळी दिसतात. तोच आपला मुरूम. घाटरस्त्यांच्या कापलेल्या भिंतींत असे गोळे तुम्ही पाहिले असतील. नसतील तर पुढच्या सहलीत खिडकीशी बसा.

‘जमिनीत धोंडे वाढतात’ असे जुने शेतकरी म्हणतात. धोंडा वाढत नाही, पण ते म्हणतात ते निरीक्षण खोटे नाही. दर पावसाळ्यात भोवतालची माती वाहून जाते आणि धोंडा वर आल्यासारखा दिसतो. थंड देशांत तर तो खरोखरच वर येतो. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात हिमयुगातल्या बर्फाच्या प्रचंड थरांनी दगडगोटे मिसळलेली माती टाकून ठेवली आहे. हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठून बर्फाचे थर बनतात आणि ते दगडाला उचलतात. बर्फ वितळल्यावर बारीक माती त्याच्याखाली घरंगळते आणि दगडाला पुन्हा खाली बसता येत नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी असे वर आलेले दगड वेचून शेतांच्या कडेला रचले. हजारो मैलांच्या त्या गडगी-भिंती आजही उभ्या आहेत.

इंजिनाचा जोर आणि चाकाची पकड

आता त्या फसगतीकडे वळू. आपला छोटा ट्रॅक्टर १८ अश्वशक्तीचा आणि ८०० किलोग्रॅम वजनाचा आहे असे समजा. एक अश्वशक्ती म्हणजे दर सेकंदाला ७५ किलोग्रॅम वजन एक मीटर उचलण्याइतके काम. म्हणजे हे इंजिन सेकंदाला १,३५० किलोग्रॅम वजन एक मीटर उचलण्याइतके काम करू शकते. आपला १,५०० किलोग्रॅमचा धोंडा एक मीटर वर आणायला त्याला हिशेबाने सव्वा सेकंदसुद्धा लागू नये! शिवाय पहिल्या गिअरमध्ये सेकंदाला अर्धा मीटर वेगाने चालताना चाकांवर २,७०० किलोग्रॅम-भाराइतके बल मिळायला हवे. (किलोग्रॅम-भाराला ९.८ ने गुणले की न्यूटन मिळतात.) दातेरी चाकांत वगैरे वाया जाणारे सोडले, तरी २,००० कुठे गेले नाही.

पण ट्रॅक्टर इंजिनाने ओढत नाही. तो जमिनीला मागे ढकलतो, आणि जमीन त्याला पुढे ढकलते. हे ढकलणे घर्षणाने होते. मागच्या चाकांवर वजनाचा साधारण ६० टक्के भाग, म्हणजे ४८० किलोग्रॅम पडतो. मऊ मातीत रबरी चाकाची पकड त्यावरील भाराच्या जेमतेम निम्मी असते. म्हणजे ओढ मिळणार २४० किलोग्रॅम-भाराची. ओढताना पुढची चाके हलकी होतात आणि तो भार मागे येतो, म्हणून ती आणखी थोडी वाढेल. पण सगळाच्या सगळा भार मागे आला तरी ४०० च्या वर जाणे नाही. इंजिन दोन हजार द्यायला तयार, आणि चाके घेणार चारशे! उरलेला जोर जातो चाके जागच्या जागी फिरवण्यात आणि तुमच्या हिरवळीत दोन चर पाडण्यात. धोंडा नुसता सपाट जमिनीवरून फरफटत न्यायलाच ९०० च्या आसपास बल लागेल. खड्ड्यात रुतलेल्याची तर गोष्टच नको.

रुतलेल्या धोंड्याला आणखी एक छुपा सोबती असतो, तो म्हणजे हवेचा दाब. ओली चिकणमाती धोंड्याच्या तळाला घट्ट बिलगलेली असते. धोंडा जरासा वर उचलला, की खाली पोकळी व्हायला पाहते. पण चिकणमातीतून हवा चटकन आत शिरत नाही. वर हवेचा पूर्ण दाब, खाली कमी, अशी अवस्था होते. तळ अर्धा चौरस मीटर, म्हणजे ५,००० चौरस सेंटिमीटर असेल आणि दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला फक्त १०० ग्रॅम-भार, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा दहावा हिस्सा असेल, तरी वजनाखेरीज ५०० किलोग्रॅम-भाराची भर पडते! चिखलात रुतलेला पाय ओढताना चप्पल मागे का राहते, तेही यातच आले. म्हणून धोंडा भर पावसाळ्यात काढायला जाऊ नये. वैशाखात जमीन दगडासारखी झाल्यावरही नको. पावसाळा सरल्यावर जमिनीला वाफसा आला, की खणायला माती मऊ आणि बिलगायला कोरडी अशी बेताची मिळते.

आधी पहार

तेव्हा ट्रॅक्टर बाजूला उभा राहू द्या आणि टिकाव, फावडे, घमेली आणा. धोंड्याभोवती माणूस वाकून काम करू शकेल एवढी जागा तळापर्यंत मोकळी करा आणि एका बाजूला खड्ड्याच्या तळापासून जमिनीपर्यंत चार मीटर लांबीची उतरण खणा. चार टनांच्या घरात माती उपसावी लागेल. ट्रॅक्टर आहे म्हणून हे काम चुकत नाही, हे ऐकून पुष्कळांचा उत्साह इथेच मावळतो!

मग पहार. दीड मीटरची पहार घ्या आणि टोकापासून १० सेंटिमीटरवर तिच्याखाली टेकू ठेवा. तुमच्या हाताकडे १४० सेंटिमीटर राहिले, म्हणजे बल १४ पट झाले. ४० किलोग्रॅम-भाराने पहार दाबली, तर टोकाशी ५६० मिळतात. आपल्याला धोंडा अख्खा उचलायचा नाही, फक्त एक कड उचलायची आहे. खाटेचे एक टोक उचलताना जसे निम्मे वजन हातावर येते, तसे इथेही सुमारे ७५० पुरेत. म्हणजे दोन माणसे आणि दोन पहारी! सावकाश जोर दिला की तळाशी हवा शिरल्याचा ‘फस्स’ आवाज होतो आणि धोंडा सुटतो. टेकू मात्र मातीवर ठेवू नका. तरफेच्या दोन्ही टोकांचा मिळून भार त्याच्यावर येतो आणि तो धोंडा उचलण्याऐवजी स्वतःच रुतत जातो. त्याच्याखाली रुंद सपाट दगड किंवा जाड फळी हवी.

तरफ फुकट काही देत नाही. हात ७० सेंटिमीटर खाली गेला, तर कड उचलली जाते ५ सेंटिमीटर. तेवढ्यात फटीत दगडी चिपा सरकवायच्या, त्याही हाताने नव्हे, काठीने. पहार निसटली तर खाली बोटे नसावीत. असे दोन-चारदा केले, की धोंडा तळापासून मोकळा होतो आणि त्याच्याखालून दोर ओवायला जागा होते.

हा दोर कसा लावायचा यात खरी गंमत आहे. तेलाची पिंपे फळ्यांवरून ट्रकमध्ये चढवताना हमाल दोराची जी युक्ती वापरतात, ती आठवा. उतरणीच्या वरच्या टोकाशी दोराचे एक टोक मजबूत खुंट्याला बांधायचे. दोर उतरणीवरून खाली आणून धोंड्याखालून घ्यायचा, मागून वर आणायचा आणि धोंड्याच्या डोक्यावरून पुन्हा पुढे न्यायचा. हे दुसरे टोक ट्रॅक्टरला. आता धोंडा घसरत नाही, गडगडत वर चढतो. चार मीटरच्या उतरणीवर एक मीटर चढायचे, म्हणजे वजनाचा चौथा भाग, ३७५ किलोग्रॅम-भार; आणि दोराचे दोन पदर तो वाटून घेतात, म्हणून ट्रॅक्टरच्या वाट्याला त्याच्या निम्मा. धोंडा काही लाटण्यासारखा गुळगुळीत नसतो, म्हणून प्रत्यक्षात अडीचशेच्या आसपास धरा. आपला छोटा ट्रॅक्टर एवढे देऊ शकतो. मोबदला म्हणून तो दोन मीटर चालेल तेव्हा धोंडा एक मीटर चढेल. गोल धोंड्यावरून दोर निसटू नये म्हणून असे दोन दोर हातभर अंतराने लावावेत, धोंडा जसजसा वर येईल तसतसे त्याच्यामागे अडणीचे दगड टाकत जावे आणि उतरणीवर त्याच्या खालच्या बाजूला कुणीही उभे राहू नये.

ट्रॅक्टर मागे का उलटतो?

आता धोका. आधी एक प्रयोग करा. एक वीट टेबलावर तिच्या सर्वांत लहान बाजूवर उभी ठेवा, तिची जाडीची बाजू स्वतःकडे येईल अशी. तिला दोरा बांधून आडवा ओढा. दोरा तळाशी असेल तर वीट सरकत तुमच्याकडे येते. दोरा वर वर सरकवत चला. सात-आठ सेंटिमीटरच्या पुढे कुठेतरी ती सरकायचे सोडून कोलमडते. ओढ तेवढीच, वीट तीच, बदलली ती फक्त दोऱ्याची उंची. आता विटेखाली खरखरीत कागद ठेवा. दोरा पूर्वीपेक्षा खाली असतानाच वीट कोलमडू लागेल, कारण सरकणे अवघड झाले!

ट्रॅक्टरची हीच कथा आहे. त्याला मागे उलटवू पाहणारे परिबल म्हणजे साखळीतील ओढ गुणिले साखळी बांधल्याची जमिनीपासूनची उंची. त्याला खाली दाबून धरणारे परिबल म्हणजे त्याचे वजन गुणिले मागच्या आसापासून गुरुत्वमध्यापर्यंतचे आडवे अंतर. आपल्या ट्रॅक्टरसाठी हे अंतर सुमारे ६० सेंटिमीटर धरू. साखळी जमिनीपासून ३५ सेंटिमीटरवरच्या ड्रॉबारला बांधली, तर उलटायला सुमारे १,३७० किलोग्रॅम-भाराची ओढ लागेल. ती कधीच येणार नाही, कारण चारशेलाच चाके घसरतील. चाक घसरले की चालक वैतागतो. खरे तर तेच त्याला वाचवत असते. आता साखळी सीटच्या मागे, ९० सेंटिमीटरवर बांधा. उलटायला ५३३ पुरतात. मऊ मातीत तेवढीही पकड मिळणार नाही, पण कोरड्या टणक जमिनीवर पकड भाराच्या सात-आठ दशांशापर्यंत जाते, म्हणजे ५६० ते ६४०. तिथे ट्रॅक्टर पुढची चाके उचलतो आणि चालकासकट मागे पालथा पडतो.

चढावर तोंड करून ओढले तर गुरुत्वमध्य मागे सरकतो. पंधरा अंशांच्या चढावर ते ६० सेंटिमीटरचे अंतर जेमतेम ४२ उरते.

सर्वांत घातक प्रकार वेगळाच आहे. चाके घसरतात म्हणून लोक त्यांच्यापुढे दगड लावतात, ओंडका घालतात, कधी चाकाला लाकूडच बांधतात. आता चाक फिरूच शकत नाही. इंजिन मात्र आसाला पिळत असते. चाक जर आसाभोवती फिरत नसेल, तर काय फिरेल? ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरेल! मघाचा हिशेब आठवा. इंजिनाकडे चाकांवर २,००० किलोग्रॅम-भार देण्याची ताकद आहे आणि उलटायला १,३७० पुरतात. म्हणजे साखळी खाली बांधलेली असली तरी आता ती वाचवू शकत नाही. पुढची चाके उचलल्यापासून सावरता न येण्याच्या टप्प्यापर्यंत सुमारे पाऊण सेकंद लागतो. ‘अरे, उलटतोय!’ हे उमगून पाय क्लचवर जाईपर्यंत माणसाला तेवढाच वेळ लागतो. चालक हुशार असो की नवखा, त्याने फरक पडत नाही.

म्हणून साखळी फक्त ड्रॉबारला, मागच्या आसाच्या खालच्या पातळीवर, बांधायची. पुढच्या बाजूला वजने लावायची. सर्वांत खालचा गिअर आणि क्लच हळूहळू सोडायचा. आणि चाके घसरू लागली की थांबायचे. चालकाच्या मागे पोलादी कमान असेल तर ट्रॅक्टर उलटला तरी तो त्याच्याखाली चिरडला जात नाही, मात्र पट्टा बांधलेला हवा. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना अशी सुरक्षा-चौकट सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू तिथे झपाट्याने कमी झाले.

झटका देण्याचा मोहही टाळावा. ट्रॅक्टर साखळी सैल ठेवून सेकंदाला दोन मीटर वेगाने निघाला, तर त्याची गतिज ऊर्जा १,६०० जूल होते. धोंड्याने त्याला पाच सेंटिमीटरांत थांबवले, तर साखळीत सरासरी ३२,००० न्यूटन, म्हणजे तीन टनांहून अधिक ताण येतो. हलला तर धोंडा, नाही तर तुटली साखळी. नायलॉनचा दोर तर याहून वाईट. दहा मीटरचा दोर ५,००० न्यूटन ताणाखाली एक मीटर लांबला असेल, तर त्यात २,५०० जूल ऊर्जा साठलेली असते. ताशी १४४ किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत साधारण १२८ जूल असतात. तुटलेला दोर म्हणजे असे १९-२० चेंडू एकदम! साखळीच्या मध्यावर ओली पोती टाकून ठेवतात ती तिने उडू नये म्हणूनच. आणि बघ्यांनी साखळीच्या दुप्पट लांबीवर उभे राहावे.

धोंडा दोन मीटरचा निघाला तर छोट्या ट्रॅक्टरचे नाव काढू नये. खडक दाबाला फार दाद देत नाही, पण ताणाला त्याच्या सुमारे एक दशांशातच हार खातो. म्हणून पाथरवट एका रेषेत भोके पाडून त्यांत पाचरी ठोकतो आणि घणाचे घाव सगळ्या पाचरींवर आळीपाळीने सारखे वाटतो. पाचर खडकाला दाबत नाही, ती त्याला दोन्हीकडे फाकवते. पाथरवटही नसेल, तर धोंड्यावर हातभर माती चढवून तिथे उंचवटा करावा. गवताला तेवढी पुरते.

धोंडा निघाल्यावर खड्डा भरताना माती कमी पडते, कारण अर्धा घनमीटर जागा धोंड्यानेच व्यापलेली होती. बाहेरून सुमारे पाऊण टन माती आणावी लागेल. ती वीत-वीत जाडीच्या थरांनी घालून प्रत्येक थर धुमसावा, खाली मुरूम आणि वरचा हातभर थर चांगल्या मातीचा, आणि शेवटी जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवावे. पुढच्या पावसाळ्यात ती जागा खाली बसेल आणि हिरवळ सपाट होईल.